रोजा धरलेल्या मुलाला मी वर्गापुढे उभं केलं. आता पुढे काय करू?

चौथीची वर्गशिक्षिका, कुर्ला
१५ मार्च २०२५

नमस्कार. मी कुर्ल्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवते. हे माझं अकरावं वर्ष. वर्गात अडतीस मुलं आहेत. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती निस्तरताना दुसरी होऊ नये म्हणून इथे विचारतेय. ज्या मुलाबद्दल लिहितेय त्याच्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

२ मार्चला रमजान सुरू झाला. त्याच आठवड्यात मंगळवारी मधल्या सुट्टीत सगळी पोरं डबे उघडून बसली होती आणि हा एकटाच पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर. मी विचारलं, "डबा विसरलास का रे?" तो अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, "नाही बाई, रोजा आहे." नऊ वर्षांचं पोर, ओठ सुकलेले. मला भरून आलं. आणि मनात आलं की हे बाकीच्या मुलांनाही कळायला हवं. वर्गात मुसलमान घरांतली चारच मुलं आहेत. शाळेबाहेर मोठी माणसं एकमेकांबद्दल काय काय बोलतात ते मुलांच्या कानावर पडतच असतं. निदान माझ्या वर्गात तरी त्यांच्या कानावर काही चांगलं पडावं, एवढंच मला वाटलं.

बुधवारी परिपाठात प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला आणि मी त्याला पुढे बोलावलं. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बघा, हा दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाही. आहे का कुणात एवढा निश्चय? वाजवा टाळ्या." टाळ्या वाजल्या. तो खाली बघत उभा होता. बूट आम्ही वर्गाबाहेर काढतो. त्याच्या उजव्या मोज्याला भोक पडलं होतं आणि त्यातून बाहेर आलेला अंगठा तो डाव्या पायाखाली झाकू पाहत होता. मी ते पाहिलं. लाजतोय, एवढाच अर्थ मी घेतला.

आईने त्याला शाळा सुटेपर्यंतचाच रोजा धरायला सांगितला होता, हे मला कुठे माहीत? दोन वाजता घरी गेला की तो जेवायचा. टाळ्या पडल्यावर त्याने घरी सांगितलं, "बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलंय, मी दिवसभर धरतो. आता मला धरायलाच लागेल." दोन दिवस त्याने खरंच मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत काढले. शुक्रवारी कवायतीचा तास होता, उन्हात. तिथे त्याला गरगरलं आणि तो नळाला तोंड लावून पाणी प्यायला. वर्गातल्या दोघांनी पाहिलं आणि जिन्यापासून वर्गापर्यंत ओरडत आले, "याचा रोजा मोडला! खोटारडा! खोटारडा!"

सोमवार-मंगळवार तो आला नाही. बुधवारी आई आली. ती घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. पिशवीत साड्यांचा गठ्ठा तसाच होता, अशीच निघून आली होती. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्या मनाने केलंत, मला माहितीय. पण तो आता घरात पाणी प्यायलासुद्धा मोरीत जातो. दार लावून घेतो."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तिची माफी मागितली. त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात नेऊन त्याचीही मागितली. तो "हां बाई" म्हणाला आणि आत गेला. गुरुवारी होळी, काल धुळवड, शाळेला सुट्टी. सोमवारी परत सगळे समोर असतील.

माझ्या सहकारी बाई म्हणतात, "विषयच काढत जाऊ नकोस. वर्गात सगळे सारखे." मला ते पटत नाही. डबे सारखे नाहीत, सुट्ट्या सारख्या नाहीत. दसऱ्याच्या आधी सरस्वतीपूजनाला एक मुलगी दर वर्षी दप्तर आवरायच्या निमित्ताने मागे राहते, ती बौद्ध घरातली आहे, आणि चार वर्षांत तिला कुणी काही विचारलेलं नाही. हे मुलांना दिसतं. आपण गप्प बसलो तर ती आपापले अर्थ लावतात.

दुसरीकडे, बोलून काय झालं तेही माझ्यासमोर आहे. ३० तारखेला पाडवा आणि चंद्र दिसला तर ३१ ला ईद. म्हणून शनिवारी २९ ला मी सर्वधर्म वेशभूषेचा कार्यक्रम ठरवला होता. मुख्याध्यापिकांची परवानगीही मिळाली आहे. तो करू की नको? त्या दोन मुलांशी काय बोलू? आणि मुळात, एखाद्या मुलाला त्याच्या धर्माचा नमुना म्हणून उभं न करता हे सगळं वर्गात कसं बोलायचं?

---

निवृत्त शिक्षक, जोगेश्वरी

बाई, तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मीही बरीच वर्षं मानत होतो, म्हणून त्याबद्दलच आधी लिहितो.

जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर आमची शाळा पुन्हा उघडली तेव्हा माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. हजेरी घ्यायला बसलो. नाव घेतलं, उत्तर नाही. पुढचं नाव, उत्तर नाही. असं सात नावांचं झालं. काही कुटुंबं रातोरात दुसरीकडे राहायला गेली होती. काही इकडची तिकडे, काही तिकडची इकडे. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, तो कुठे गेला?" त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मी म्हणालो, "गावाला गेला असेल." आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं. नद्यांचा धडा होता. मुलांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. त्यांना कळलं की सरांना हे विचारायचं नसतं. पुढे दोनेक महिन्यांनी मधल्या सुट्टीत त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते त्यांनी माझ्याकडून ऐकलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. मी मोकळी सोडलेली जागा कुणीतरी भरली होती. ते "गावाला गेला असेल" मला आजही बोचतं.

तेव्हा गप्प बसू नका. बोलण्याची रीत बदला.

मी पुढे एक पाळत गेलो. सांगायचं ते माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं याबद्दल सांगायचं, समोर बसलेल्या अमुक मुलाबद्दल नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला मी केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट सांगायचो. ती यहोवाज विटनेसेस पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीताला ती शिस्तीत उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं. आदराने उभं राहिलं तर अवमान होत नाही, गाण्याची सक्ती करता येत नाही, असा तो निकाल. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. मी निकाल लगेच सांगत नसे. आधी मुलांना विचारायचो, तुम्ही मुख्याध्यापक असता तर काय केलं असतंत? मुलं कडाकडा भांडायची. कुणाचंच नाव नाही, कुणीच उघडं पडत नाही, आणि वर्गात जी मुलगी दप्तर आवरायला मागे राहते तीही मान वर करून ऐकते.

त्या मुलीवरून आठवलं. तुमची शाळा अनुदानित आहे म्हणता. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे, अशा शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. हे कुणावर उगारायला सांगत नाही. पण तिने निमित्त शोधत मागे राहावं ही वेळ शाळेने तिच्यावर आणू नये. पूजेला यायचं की त्या वेळात वाचनालयात बसायचं, हे पालकांना आधीच एका चिठ्ठीने विचारता येतं. सगळ्याच पालकांना पाठवा, फक्त तिच्या नको.

---

वसईची, आता अंधेरीला

ताई, तुमचं वाचून मला माझं दुसरीचं वर्ष आठवलं. तुमच्या मुलाच्या बरोबर उलटं माझ्याबाबतीत घडलं होतं.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. राखेच्या बुधवारी सकाळी मिस्साला जायचं आणि फादर कपाळावर राखेचा क्रूस काढायचे. तो पुसायचा नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. तशीच मी शाळेत गेले. बाईंनी मला जवळ बोलावलं, "काय गं हे, चुलीत तोंड घातलंस काय?" म्हणाल्या, रुमाल पाण्यात भिजवला आणि माझं कपाळ खसखसून पुसलं. वर्ग हसला. मी सात वर्षांची होते. मला बोलता आलं नाही, कारण बाईंना नाही कसं म्हणणार? रुमालाला साबणाचा वास होता, तो मला अजून आठवतो. घरी आजीला खोटंच सांगितलं की घामाने गेलं.

त्या बाई वाईट नव्हत्या. मला त्यांनीच वाचायला शिकवलं. त्यांनी फक्त विचारलं नाही. "हे काय आहे गं?" एवढं जरी बाकाजवळ वाकून हळूच विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. यंदा राखेचा बुधवार ५ मार्चलाच होता, म्हणजे तुम्ही त्याला पुढे बोलावलंत तोच दिवस. तुमच्या वर्गात कुणी राख लावून आलं होतं का मला माहीत नाही, पण तारीख वाचून अंगावर काटा आला.

आता वेशभूषेबद्दल. कृपा करून करू नका. आमच्या शाळेत दर वर्षी असायचं. मला दर वेळी पांढरा झालरीचा फ्रॉक आणि डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती. असला फ्रॉक आमच्या घरात कुणी घालत नव्हतं. माझी आजी लुगडं नेसायची, केसांत फूल माळायची आणि घरात आम्ही कादोडी बोली बोलायचो. मी एकदा म्हटलं, मी आजीसारखं लुगडं नेसून येते. तर मला सांगितलं, "मग लोकांना कळणार कसं तू ख्रिश्चन आहेस ते?" मुंबईत बेने इस्रायली ज्यू आहेत, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांना कुठला वेश देणार? वेशभूषेत मुलं एकच शिकतात, की टोपी म्हणजे हा, पगडी म्हणजे तो, फ्रॉक म्हणजे ती. एकाच दुकानातून युनिफॉर्म घेणाऱ्या पोरांना आपण एक दिवस मुद्दाम वेगळे कपडे घालून ओळखायला शिकवतो.

---

बेस्टमध्ये कंडक्टर, चेंबूर

मॅडम, सरस्वतीपूजनाला मागे राहणाऱ्या मुलीचा बाप मी असू शकलो असतो. आमच्याकडेही तेच आहे.

माझ्या आजोबांनी ५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. तेव्हापासून घरात देवदेवतांची पूजा नाही. माझी मुलगी पहिलीत असताना दसऱ्याला सगळ्यांनी पाटीवर एक-एक-एक असे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि फुलं वाहायची होती. ती घरी येऊन रडली नाही. तिने मला विचारलं, "पप्पा, मी आकडे काढले पण हात नाही जोडले. चालतं ना?" सहा वर्षांच्या पोरीने एकटीने हा हिशोब केला होता. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी शाळेत गेलो. भांडायला नव्हतो गेलो. बाईंना म्हटलं, तिला पाटी काढू द्या, छान काढते. पुढचं तिच्यावर सोडा. फक्त कुणाला सांगू नका की तिच्यात चालत नाही. हे "तिच्यात" आणि "यांच्यात" असले शब्द मुलांच्या तोंडात आपण घालतो. बाई समजूतदार होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच आठवड्यात सावित्रीबाईंवर बोलायला एक दिवस ठेवला, १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली ती गोष्ट. शिकण्याचा मान सगळ्यांनीच करायचा, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने, असं त्या बोलल्या. माझी पोरगी तेव्हा पुढे बसली होती.

एका गोष्टीत मात्र वरच्या लोकांशी माझं जमत नाही. मुलाला पुढे बोलावणं वाईटच, असं मला नाही वाटत. १४ एप्रिलला माझ्या मुलीला स्वतःला भाषण करायचं असतं. महिनाभर आधी पाठ करते, कपाटाच्या आरशासमोर. तिला कुणी म्हणालं की तुला उघडं पाडायचं नाही म्हणून तू नको बोलूस, तर ती दुखावेल. तुमच्या त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, चूक तिथे झाली. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, ज्याला नाही त्याने नाही.

आणि मुलांना सांगायला गोष्ट पाहिजे तर आपल्या मुंबईचीच घ्या. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबर. मी ड्युटीवर होतो. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यांचं काय होतं ते आम्हाला विचारा. मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी ठरवून आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. सरकारने सुट्टी २९ ला दिली. २०२४ लाही दोन्ही लागून आले तेव्हा जुलूस पुढे नेला. कुणी आपला सण सोडला नाही, कुणी दुसऱ्याचा केला नाही. रस्ता एकच आहे म्हणून एकाने एक दिवस थांबायचं ठरवलं. पाणी प्यायच्या नळावर रांग लावणाऱ्या पोरांना हे लगेच कळतं.

---

महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक, गोवंडी

अस्सलामु अलैकुम, नमस्कार मॅडम. मी मूळ श्रीवर्धनचा, घरी आम्ही कोकणी मराठीच बोलतो. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, मी त्यातल्या उर्दू शाळेत सतरा वर्षं आहे. माझ्या वर्गात तुमच्यापेक्षा उलटी गोष्ट असते, म्हणून लिहितो.

माझ्याकडे जवळजवळ सगळे रोजेदार. एकटा पडतो तो ज्याचा रोजा नाही. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, त्याला औषधं चालू होती, डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केली होती. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रोज मधल्या सुट्टीत तो संडासात जाऊन बिस्किटं खायचा. मला कळलं ते त्याच्या खिशातल्या चुऱ्यावरून. तुमच्या मुलाच्या आईचं मोरीचं वाक्य वाचलं आणि मी फोन खाली ठेवून थोडा वेळ तसाच बसलो. बहुमत ज्याचं असेल त्याप्रमाणे मुलं लपतात. धर्म कुठलाही असो, दार लावून घेणारं मूल एकच.

त्यानंतर मी वर्गात "किसका रोजा है, हात उठाओ" हे विचारणं बंद केलं. आमच्यात हे सर्रास विचारतात, प्रेमानेच विचारतात. पण हात खाली ठेवणाऱ्याला काय वाटतं? पाण्याच्या बाटल्या सगळ्यांनी बाकावर ठेवायच्या, रमजान असो नसो. ज्याला प्यायचंय तो पिईल, कुणी वर बघायचं नाही. पहिले चार दिवस बघतात, मग सोडून देतात.

त्या मुलासाठी काही गोष्टी नीट सांगतो. वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक नसतो. मुलं हौसेने धरतात, घरचे सवय म्हणून अर्धा दिवस धरायला देतात. पहिल्या पूर्ण रोजाला काही घरांत रोजाकुशाई करतात, हार घालतात, पाहुणे बोलावतात. आजारी माणसाला, प्रवाशाला रोजा सोडायची सवलत आहे. विसरून पाणी प्यायलं तर रोजा तुटतही नाही. त्याला गरगरत होतं आणि तो प्यायला, यात त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. उलट कवायतीतून आधीच बाजूला बसवायला हवं होतं.

पण मॅडम, हे तुम्ही वर्गात उभं राहून सांगू नका. तुम्ही सांगितलंत की पुन्हा त्याच्याच रोजावर सगळ्या वर्गाची पंचायत भरेल. हे त्याच्या कानावर त्याच्या माणसाकडून जाऊ द्या, मामा, चाचा, मशिदीतले हाफिजसाब, कुणीही. आईला एवढंच सुचवा. टाळ्यांनी त्याला वाटलं की रोजा बाईंना दाखवायचा असतो. आमच्यात तर असं मानतात की रोजा हा बंदा आणि अल्ला यांच्यातला मामला, दुसऱ्याला तो दिसतही नाही. नमाज दिसते, हज दिसते, रोजा दिसत नाही. त्याला ते परत मिळालं पाहिजे.

एक नियोजनाचं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. पुढची काही वर्षं तो फेब्रुवारी-जानेवारीत असेल, म्हणजे क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलनाच्या दिवसांत. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होईल. मुख्याध्यापिकांच्या कानावर आत्ताच घाला. उन्हातला तास सकाळी पहिल्या तासाला घेतला तर रोजेदारच काय, सगळीच मुलं दुवा देतील.

---

चौथीची वर्गशिक्षिका, कुर्ला
२९ मार्च २०२५

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत. मी हे सगळं दोनदा वाचून, मग काय काय केलं ते सांगते.

वेशभूषा रद्द केली. मुख्याध्यापिकांना वसईच्या ताईंचं लुगड्याचं वाचून दाखवलं, त्या लगेच हो म्हणाल्या. कवायत पहिल्या तासाला गेली. बाटल्या बाकावर आल्या. पहिल्या दिवशी तीन सांडल्या, पुसून घेतल्या.

त्या दोन मुलांना एकत्र बोलावलं नाही, वेगवेगळं बोलले. त्यातला एक शनिवारी आजीबरोबर मारुतीचा उपास करतो. मी विचारलं, "तुझा कधी मोडलाय का?" बराच वेळ गप्प. मग म्हणाला, एकदा वडापाव खाल्ला होता, विसरून. आजीने बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, "यानं उपास मोडला, यानं उपास मोडला." तेव्हा कसं वाटलं होतं, विचारलं. तो काही बोलला नाही, नाक पुसलं. मीही पुढे ताणलं नाही. मोडला हा शब्द तो जिन्यावर कुठून घेऊन आला होता ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी न सांगता तो त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसला. त्यांनी आपसात काय केलं मला माहीत नाही, सध्या दोघांना पेन्सिलीच्या सालीची फुलं करायचं वेड लागलंय.

बौद्ध घरातल्या मुलीच्या वडिलांना फोन केला. चिठ्ठीची पद्धत जूनपासून सगळ्याच पालकांसाठी सुरू करतोय. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही चार वर्षं विचार करत होतो, कसं सांगावं." मी चार वर्षं विचार करत होते, कसं विचारावं.

आज वेशभूषेऐवजी मुलांकडून "आमच्या घरातली पहाट" असं एक पान लिहून घेतलं. सण लिहा असं म्हटलं नाही. जे होतं ते लिहा म्हटलं. एकीने नळाला पाणी साडेचारला येतं तेव्हाची धावपळ लिहिली. एकाने बाबांची इडलीची गाडी आणि रात्रीच वाटून ठेवलेलं पीठ. जैन घरातल्या एकाने आई पाणी उकळून गाळून ठेवते ते, आणि पहिलं भांडं त्याला उचलू देत नाहीत याची तक्रार. आणि त्या रोजा धरणाऱ्या मुलाने पहाटेच्या सेहरीचं लिहिलं. आई मोबाईलची बॅटरी लावून उठवते, कारण दिवा लावला तर धाकटी बहीण जागी होते आणि तिलाही रोजा धरायचा असतो, ती चार वर्षांची आहे. सगळे अंधारात जेवतात. आवाज न करता चमचा कसा ठेवायचा ते त्याला येतं, असं त्याने लिहिलंय.

वाचून दाखवणार का, असं मी सगळ्यांनाच विचारलं. सतरा जणांनी वाचलं. त्याने नाही वाचलं. वही तपासली, दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या इतरांसारख्याच लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि परत दिली.

एक विचारायचं राहिलं, गोवंडीच्या सरांना. पाठांतराची तोंडी परीक्षा १ एप्रिलला लावली आहे. ईद ३१ ला झाली तर दुसऱ्या दिवशी ही चार मुलं येऊ शकतील का? की तारीख बदलून मागू?

---

महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक, गोवंडी

बदलून मागा. ईदच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही बासी ईद म्हणतो, घरात पाहुणे असतात, निम्मी घरं गावाला किंवा नानीकडे. पाठांतर तर राहूच द्या, शीरखुर्म्याने पोट भरलेल्या पोराला तुम्ही नावही विचारू नका. ३ तारीख ठेवा. आणि ३० ला संध्याकाळी चंद्राचं नक्की झालं की मी इथे लिहितो.